गोष्टीचा शेवट ओळखता येतो का?

कुडाळ-वालावलच्या जत्रेत दशावताराला बसलेल्या प्रेक्षकाला आख्यानाचा शेवट आधीच ठाऊक असतो. राक्षस मरणार, देव जिंकणार. ठाऊक नसतात ते संवाद, कारण लिहिलेली संहिताच नसते. नट उभ्या उभ्या बोलतात आणि पहाटेपर्यंत माणसं खिळून राहतात. याच गावांतली कॉलेजची मुलं आता अशा एका गोष्टीत गुंतली आहेत जिचा शेवटच मोकळा आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ मध्ये आला, पाचवा २०११ मध्ये. सहाव्याची वाट वाचक अजून बघतायत. तिच्यावरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका २०१९ मध्ये संपली, पण पुस्तकं तिथेच पोचतील असं सगळ्यांना वाटत नाही. म्हणून थिअऱ्या, म्हणजे गोष्टीत काय घडलं आणि पुढे काय होईल याचे वाचकांचे तर्क, रचल्या जातात, आणि माझ्या मते त्या रचणं हे खरंखुरं वैज्ञानिक काम आहे. फक्त दोन जातींच्या थिअऱ्या वेगळ्या ओळखायला हव्यात.

पहिली जात घडून गेलेल्या गोष्टीबद्दलची. कथेतला जॉन स्नो हा नेड स्टार्क या सरदाराचा अनौरस मुलगा नसून नेडची बहीण लियाना आणि राजपुत्र रेगार यांचा मुलगा आहे, हे वाचकांनी पुस्तकांतूनच शोधून काढलं. पुरावा पहिल्याच खंडात विखुरलेला होता: तापातल्या नेडला पडणारं मनोऱ्याचं स्वप्न, रक्तात पडलेली लियाना, तिने मागितलेलं वचन, निळे गुलाब. २०१६ मध्ये मालिकेने ते खरं ठरवलं. मालिका करायला आलेल्या दोघांना मार्टिन यांनी ‘जॉनची आई कोण?’ हाच प्रश्न विचारला होता. म्हणजे उत्तर लेखकाकडे तयार होतं आणि वाचक त्याच्या खुणा वाचत होते.

शेवटाबद्दलची थिअरी ही दुसरी जात. तिथे उत्तर तयार आहेच याची खात्री नाही. मार्टिन स्वतःला आराखडा काढून बांधणारा वास्तुविशारद मानत नाहीत, बी पेरून काय उगवतं ते बघणारा माळी मानतात. १९९३ मध्ये त्यांनी आपल्या एजंटला पाठवलेलं पत्र पुढे उघड झालं. त्यात तीनच खंडांची योजना होती, आणि जॉन व नेडची मुलगी आर्या एकमेकांच्या प्रेमात पडणार होते. आज पाच खंड झालेत, सातांची योजना आहे, आणि त्या प्रेमाचा मागमूस नाही. खुद्द लेखकाचं भाकीत इतकं चुकतं, तर वाचकाचं किती टिकेल?

२०२० मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या पाच विद्यापीठांच्या संशोधकांनी यावर फार सुंदर प्रकाश टाकला. त्यांनी या कादंबऱ्यांतली २,००० हून अधिक पात्रं आणि त्यांच्यातल्या ४१,००० हून अधिक भेटीगाठी मोजल्या. महत्त्वाचे मृत्यू प्रकरणांच्या क्रमाने लावले तर ते यादृच्छिक दिसतात. कोण कधी जाईल, नेम नाही. तेच मृत्यू कथेतल्या काळानुसार, म्हणजे खरोखर घडले त्या क्रमाने लावले, तर ही यादृच्छिकता नाहीशी होते आणि प्रत्यक्ष जगातल्या माणसांच्या व्यवहारांसारखा आकृतिबंध दिसतो. म्हणजे धक्का घटनांपेक्षा सांगण्याच्या क्रमात आहे. ‘पुढच्या प्रकरणात कोण मरेल’ ही पैज म्हणूनच सगळ्यात वाईट.

आणखी एक सापळा आहे. माझ्या भाच्याच्या वहीत एक थिअरी चार पायऱ्यांनी लिहिलेली आहे: नेडचा मुलगा ब्रान भूतकाळाशी बोलू शकतो, तो एरिस राजाच्या कानात बोलला, त्यामुळेच राजा वेडा झाला, आणि हे कळल्यावर ब्रान सिंहासन नाकारेल. वाचताना पटतं. पण प्रत्येक पायरी, आधीच्या खऱ्या धरूनही, ६० टक्केच शक्य मानली, तर चारही खऱ्या ठरण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के उरते. तपशील वाढला की गोष्ट जास्त खरी वाटते आणि तिची शक्यता मात्र घटते. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मनाची हीच खोड प्रयोगांनी दाखवून दिली.

याच्या अगदी उलट वाट २०१४ मध्ये न्यूझीलंडमधले संशोधक रिचर्ड वेल यांनी धरली. कथानक बाजूला ठेवून त्यांनी पाच खंडांत कुणाच्या नजरेतून किती प्रकरणं सांगितली आहेत तेवढंच मोजलं आणि पुढच्या दोन खंडांत कुणाला किती प्रकरणं मिळतील, याच्या शक्यता काढल्या. त्यात रोमांच काहीच नाही. पण सहावा खंड हातात पडला की कुणीही मोजून सांगू शकेल, भाकीत किती बरोबर आणि किती चूक. भाच्याला मी वहीत ‘कधी खोडायची’ असा एक रकाना वाढवायला सांगितला. ब्रानच्या थिअरीसमोर त्याने लिहिलंय: सहाव्या खंडात ब्रानला एरिस एकदाही दिसला नाही, तर खोडायची.