दृढीकरण नक्की कितव्या वर्षी? वादामागची थोडी पार्श्वभूमी

दरवर्षी पावसाळा संपला की मालवण-वेंगुर्ल्यापासून वसईपर्यंत कॅथलिक चर्चमध्ये दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर कपाळाला पवित्र तेल लावून द्यायच्या संस्काराच्या) क्लासची यादी लागते आणि तोच वाद परत सुरू होतो, पोरांना सातवीत बसवायचं की दहावी झाल्यावर. मी स्वतः बरीच वर्षं हा क्लास घेतलाय, म्हणून ह्या वादाच्या मागचं थोडं लिहितोय.

फार जुनं सांगत नाही. 1616 ला गोव्यातल्या साष्टीच्या एका जेझुइट पाद्रीने ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओव्यांत लिहून छापली ती लोकांनी मागितली म्हणून, जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी आपल्या भाषेत वाचायला-गायला काहीतरी हवं होतं. आणि 1684 ला पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. तरी श्रद्धा टिकली ती घरात, संध्याकाळच्या तेर्सात, म्हंजे माळेच्या प्रार्थनेत, आणि वाड्यातल्या क्रुसाजवळच्या लादिनीत, म्हंजे गाऊन करायच्या प्रार्थनेत, जिथे पोरगं आजीच्या बाजूला गुडघ्यावर बसून अर्धवट झोपेत उत्तरं द्यायचं. 1739 ला वसई पडल्यावर गोरे पाद्री निघून गेले तेव्हाही लोक टिकले ते ह्याच बळावर.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीच्या काळात बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर (कम्युनियन) हे तिन्ही एकाच वेळी दिलं जायचं, पूर्वेकडच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळालासुद्धा अजून तसंच देतात. पश्चिमेकडे दृढीकरण बिशपच्या हातूनच व्हायला पाहिजे असं ठरलं आणि बिशप तर गावोगाव पोचणार नाही, मग पोरं थांबायची, बिशप येईल तेव्हा. म्हंजे उशीर झाला तो प्रवासामुळे, कोणी विचार करून वय वाढवलं असं नाही. तरीसुद्धा क्रम बऱ्याच ठिकाणी तोच होता, आधी दृढीकरण आणि मग दहा-बारा-चौदाव्या वर्षी पहिला कम्युनियन. 1910 ला रोमहून आदेश आला की सात वर्षांच्या आसपास समज आली की कम्युनियन द्या. निर्णय चांगलाच होता, पण दृढीकरणाचं काय ते त्यात नव्हतं, ते मागे राहिलं आणि सरकत सरकत टीनेजमध्ये येऊन पडलं. आणि मग त्याला कारण चिकटवलं गेलं की मोठेपणी स्वतःच्या मनाने हो म्हणायचा हा संस्कार आहे.

ह्या गोंधळाला आपला मराठी शब्दही हातभार लावतो. दृढीकरण म्हटलं की वाटतं पोराने स्वतःची श्रद्धा पक्की करायची, परीक्षा पास झाल्यासारखी. पोर्तुगीजमध्ये ह्याला क्रिज्मा म्हणतात, म्हंजे सरळ त्या पवित्र तेलाचं नाव, तिथे देणारा देव आहे आणि पोर फक्त कपाळ पुढे करतं. मला हा फरक फार मोठा वाटतो. जुनी माणसं सांगतात बिशप गालावर हलकी चापट मारायचे, ख्रिस्तासाठी सोसायची तयारी ठेव म्हणून, 1971 च्या नव्या विधीत ती गेली. 1983 च्या चर्च कायद्यातही मूळ वय समज येण्याचंच आहे, फक्त देशोदेशीच्या बिशपांना दुसरं ठरवायची मोकळीक आहे आणि आपल्याकडचं वय वर गेलंय ते ह्या मोकळिकीतून.

उशिरा देण्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तेवढ्या निमित्ताने तरी पोरं क्लासला येतात. खरंय, येतात. पण फोटो झाला, जेवण झालं की पुढच्या रविवारी बाक रिकामे, हे मी माझ्याच बॅचमध्ये पाहिलंय आणि त्याचं वाईट वाटतं. आपण संस्काराला आमिष केलं आणि तेर्स मात्र घरातून जाऊ दिला, कारण त्या वेळेला ट्यूशन असते.

1965 नंतर मिस्सा, म्हंजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत, कोंकणीत आली, 1998 ला वसई आणि 2005 ला सिंधुदुर्ग स्वतंत्र धर्मप्रांत झाले, म्हंजे बिशप आता एका दिवसाच्या अंतरावर आहे आणि उशिराचं मूळ कारणच उरलेलं नाही. 2018 ला रोममध्ये तरुणांवर सिनड, म्हंजे बिशपांची सभा झाली, चर्चचं 2025 चं ज्युबिली म्हंजे पवित्र वर्ष तर आशेवरच होतं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेला, कॉम्प्युटरवर रमणारा एक इटालियन मुलगा संत झाला. माझ्या क्लासमधल्या पोरांनी ह्याच्याबद्दल जितके प्रश्न विचारले तितके वर्षभरात कशावर विचारले नव्हते.

आशा ह्या शब्दाचंही तसंच आहे. आपल्याकडे आशा म्हंजे गल्फचा व्हिसा लागेल, बोटीवर नोकरी मिळेल. बायबलमधल्या हिब्रूंच्या पत्रात तिला नांगर म्हटलंय. किनाऱ्यावरच्या पोरांना नांगर काय करतो ते समजावून सांगावं लागत नाही, म्हणून ह्या वर्षी मी क्लासची सुरुवात तिथूनच केली, होडीजवळ, आणि आईबापांनाही बोलावलं.