पौंडाच्या पोटातला किलोग्रॅम

एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलोग्रॅम. कोष्टकातला हा आकडा पाहिला की वाटतं, कुणीतरी एका पारड्यात पौंड आणि दुसऱ्यात किलोग्रॅम ठेवून तो काढला असावा. एकेकाळी तसंच होत असे. आजचा आकडा मात्र मोजलेला नाही, ठरवलेला आहे.

पौंड मूळचा रोमन. तिथल्या ‘लिब्रा’चे बारा भाग होत आणि तिचं वजन सुमारे ३२७ ग्रॅम भरे. पौंडासाठी ‘एलबी’ ही अक्षरं लिहितात, ती या लिब्राची. आपला जुना शब्द ‘रत्तल’ अरबी ‘रत्ल’वरून आला आणि तो ग्रीक ‘लित्रा’वरून. द्रव मोजायचा लिटरही त्याच लित्राच्या घरातला, म्हणजे रत्तल आणि लिटर दूरचे भाऊबंदच.

पुढे युरोपात गावोगावी वेगळा पौंड झाला. एकट्या इंग्लंडमध्येही त्याचे प्रकार होते. सोन्याचांदीचा ट्रॉय पौंड १२ औंसांचा, म्हणजे ५७६० ग्रेनचा (ग्रेन हे अगदी लहान वजन). बाकी मालाचा ॲव्हॉर्डुपॉइज पौंड १६ औंसांचा, ७००० ग्रेनचा. गंमत अशी की ट्रॉय पौंड हलका, पण त्याचा औंस जड! सोन्याचा भाव आजही याच ३१.१ ग्रॅमच्या औंसावर सांगतात. १८३४ मध्ये ब्रिटिश संसदेला आग लागली आणि तिथला प्रमाण पौंड नष्ट झाला. मग प्लॅटिनमचा नवा पौंड घडवावा लागला.

किलोग्रॅमचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीतला. १७९५ च्या कायद्याने ग्रॅम पाण्याच्या वजनावर बेतला, १७९९ मध्ये किलोग्रॅमचं प्लॅटिनमचं वजन तयार झालं आणि १८८९ मध्ये प्लॅटिनम-इरिडियमचा आंतरराष्ट्रीय नमुना मान्य झाला.

खरी उलथापालथ १८९३ ची. अमेरिकेने आपला पौंड किलोग्रॅमवरूनच ठरवायचा निर्णय घेतला. तिथे पौंडाचं स्वतंत्र अस्तित्व संपलं, नाव तेवढं राहिलं. ब्रिटनचा पौंड मात्र अजून त्या प्लॅटिनमच्या तुकड्याला बांधलेला होता. दोघांत फरक मिलिग्रॅमच्याही खालचा. बाजारात कुणाला कळणार नाही, पण प्रयोगशाळेत खुपणारा. शेवटी १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी ०.४५३५९२३७ वर एकमत केलं. या आकड्याला सातने पूर्ण भाग जातो, त्यामुळे ७००० ग्रेनच्या पौंडातला एक ग्रेन बरोबर ६४.७९८९१ मिलिग्रॅम येतो, शेपूट राहत नाही. उलट बाजूने मात्र ती सुटका नाही: किलोग्रॅमचे पौंड करताना २.२०४६२ च्या पुढे दशांश चालतच राहतात. तोंडी हिशेबाला दुप्पट करून त्यात दहावा हिस्सा मिळवला की पुरतं. ७० किलोचे १४० अधिक १४, म्हणजे १५४. नेमकं उत्तर १५४.३.

२० मे २०१९ पासून किलोग्रॅम धातूच्या तुकड्यावरून सुटला आणि प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधी न बदलणाऱ्या संख्येवर, बेतला गेला. पौंड त्याच्या मागोमाग आपोआप तिकडे गेला. त्यासाठी वेगळा ठराव लागला नाही.

घोटाळे होतात ते आठव्या दशांशात नव्हे. जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात मॉन्ट्रियलला इंधन भरताना ते लिटरांतून किलोत न्यायचं होतं. हिशेबात १.७७ हा गुणक घेतला गेला. एका लिटर इंधनाचे पौंड तेवढेच होतात, किलो मात्र सुमारे ०.८. हवं होतं २२,३०० किलो. कागदावर तेवढं दिसलं, टाकीत निम्म्याहूनही कमी होतं. वाटेत, सुमारे ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे मिळू लागले आणि मग दोन्ही इंजिनं एकामागून एक बंद पडली. वैमानिकांनी ते विमान ग्लायडरसारखं तरंगत कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. त्यातले ६९ जण वाचले.