पंप नव्हे, नळी निर्जंतुक करायची असते

मागच्या पावसाळ्यात सांगलीतील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहण्याचा योग आला. दोन लिटरच्या काचेच्या बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवण्याच्या बंद पात्रात, यीस्ट वाढवायचे आणि त्याला पातळ केलेली मळी थेंबाथेंबाने पुरवायची, असा एक प्रयोग तेथे चालू होता; साखर कारखान्यांच्या या मुलखात मळीला तोटा नाही. तिसऱ्या दिवशी पात्रातून यीस्टच्या ओळखीच्या वासाऐवजी आंबट दर्प येऊ लागला आणि सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या गोलसर पेशींच्या दाटीत काड्यांसारखे जिवाणू दिसले. सर्वांचा संशय मळी पुरवणाऱ्या पंपावर होता. पंप ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या कुकरसारख्या भांड्यात, घालता येत नाही, म्हणून त्याचे रोलर रोज सॅनिटायझरने पुसले जात होते.

हा समज स्वाभाविक आहे. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीमुळे या जिल्ह्यात पंप म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. पण तो विहिरीवरचा पंप वेगळा. त्यात फिरता पंखा पाण्याला ढकलतो, म्हणजे पाणी पंपाच्या प्रत्येक भागाला स्पर्श करून जाते. प्रयोगशाळेतल्या पेरिस्टाल्टिक पंपात द्रव पंपाला शिवतच नाही. एका लवचीक नळीवर दोन-चार रोलर फिरतात, नळी दाबतात, आणि दाबलेली जागा पुढे सरकताना समोरचा द्रवही पुढे सरकतो. रवंथ करणाऱ्या म्हशीच्या गळ्याकडे पाहिले तर घास खालून वर येताना बाहेरूनही दिसतो. तेथे रोलरचे काम अन्ननलिकेचे स्नायू करतात. डायलिसिसच्या यंत्रात रक्त फिरवण्यासाठी हाच पंप वापरतात, तोही द्रव पंपाला शिवत नाही याच कारणासाठी. तेव्हा प्रश्न पंपाचा नसून नळीचा आहे, आणि नळी तर विद्यार्थ्यांनी १२१ अंश सेल्सिअसला २० मिनिटे ऑटोक्लेव्ह केली होती. मग जिवाणू आले कोठून?

नळीची दोन्ही टोके चिमट्यांनी घट्ट बंद करून ती कोरडीच आत ठेवली होती, हे विचारल्यावर कळले. ऑटोक्लेव्हमध्ये जंतू दाबाने मरतात असे अनेकांना वाटते. दाबाचे काम एवढेच की त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२१ अंशांना उकळते. मारते ती वाफ, आणि तीही पाण्यात रूपांतरित होताना. दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा येथे कामाला येतो. १०० अंशांची एक ग्रॅम वाफ थंड पृष्ठभागावर निवळते, म्हणजे तिचे पाणी होते, तेव्हा सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते, तर एक ग्रॅम कोरडी हवा १२१ अंशांवरून ३० अंशांपर्यंत निवली तरी जेमतेम २२ कॅलरी देते. इडलीपात्राचे झाकण उघडताना बसणारा चटका आठवावा. शिवाय १२१ अंशांना एक ग्रॅम वाफ सुमारे ८७० मिलिलिटर जागा व्यापते आणि निवळल्यावर तिचे एक मिलिलिटर पाणी होते. म्हणजे जेथे ती निवळते तेथे पोकळी निर्माण होऊन आणखी वाफ आपोआप ओढली जाते. जे जे थंड आहे त्याला वाफ अशी शोधून काढते, आणि निवळलेले पाणी बीजाणूंच्या, म्हणजे जिवाणूंच्या चिवट सुप्त रूपांच्या, प्रथिनांची घडी मोडायला मदत करते. कोरड्या हवेला हे जमत नाही, म्हणून कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करायचे तर १६० अंशांना दोन तास लागतात.

आता बंद नळीचा विचार करू. तिच्या आत वाफ शिरत नाही. आत कोंडलेली हवा फक्त तापते. म्हणजे बाहेरून नळी निर्जंतुक आणि आतून नुसती गरम. ऑटोक्लेव्हच्या भांड्यातही असेच घडू शकते. आतली हवा बाहेर घालवली नाही, तर काटा दुप्पट वातावरणाचा दाब दाखवतो खरा, परंतु त्यातला निम्मा वाटा हवेचा असतो. वाफेचा आंशिक दाब एकाच वातावरणाइतका राहतो आणि तापमान १०० अंशांच्या आसपासच घुटमळते. कुकरमधून वाफ सुटू लागल्यावर शिट्टी ठेवावी, या जुन्या सूचनेमागचे शास्त्रही हेच आहे. म्हणून नळी सैल वेटोळ्यात ठेवावी, आत थोडे शुद्ध पाणी फिरवून ती ओली करावी, आणि टोके चिमट्याने न आवळता फॉइलने सैलसर झाकावीत. आतले पाणी जागेवरच वाफ होऊन हवेला बाहेर लोटते.

सॅनिटायझरबद्दल एक हिशेब सांगण्याजोगा आहे. '९९.९ टक्के जंतू मारतो' ही जाहिरात खरी धरली, तरी दहा लाखांतले एक हजार उरतात. वीस मिनिटांत दुप्पट होणारा जिवाणू दहा वेळा दुप्पट झाला की पुन्हा दहा लाख होतात. त्याला ३ तास २० मिनिटे पुरतात, आणि प्रयोग तर आठवडाभर चालणार असतो. शिवाय अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत, ते ७० टक्के असो वा त्याहून तीव्र.

पात्राला जोडलेल्या नळ्यांचा नियम मात्र थोडा वेगळा आहे. जी नळी आत द्रवात बुडालेली असते ती चिमट्याने बंदच करावी लागते, अन्यथा ऑटोक्लेव्हचा दाब उतरताना द्रव तिच्यातून बाहेर फेकला जातो. पण हवेची एक वाट, ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावून, उघडी राहिलीच पाहिजे. हा फिल्टर पाणी न शोषणारा असावा. तो भिजला की वाट बंद झालीच म्हणून समजावे. नळी सिलिकॉनची घ्यावी, कारण ती हे तापमान सोसते. आणि ती रोलरखाली अडकवायची ती थंड झाल्यानंतर.

वाफेतून निघाल्यावर नळीचा मऊपणा आणि आतला व्यास किंचित बदलू शकतो. व्यासात १० टक्के फरक पडला तर प्रवाहात २१ टक्के पडतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. त्यामुळे पंपावरच्या आकड्यावर विसंबू नये. त्याच नळीसारखा, त्याच वेळी ऑटोक्लेव्ह केलेला दुसरा तुकडा बसवून दहा मिनिटांत किती पाणी आले ते तराजूवर मोजावे. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. सतत चेपून सिलिकॉन झिजते, तेव्हा दोन-तीन दिवसांनी नळी थोडी सरकवून रोलरखाली नवा भाग आणावा लागतो. नळीची लांबी त्या हिशेबाने सुरुवातीलाच हातभर जास्त ठेवलेली बरी, कारण एकदा निर्जंतुक केलेल्या नळीला मध्येच जोड देता येत नाही.