घोड्यांचे त्वचाविकार

परजीवी, बुरशी, जिवाणू, ॲलर्जी किंवा साजाचे घर्षण यांमुळे घोड्याच्या कातडीला होणारे विकार. खाज, केस झडणे, खपल्या, गाठी आणि न भरणारे व्रण ही त्यांची नेहमीची लक्षणे. ती वरवर सारखीच दिसतात, पण एका विकाराचे औषध दुसऱ्यावर उलटू शकते. म्हणून मलम शोधण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : विकार अंगावर नेमका कुठे आहे आणि कोणत्या महिन्यात सुरू झाला. निम्मे निदान तिथेच होते.

नागपूरच्या रस्त्यांवरचे टांगे मागे पडले. आता शहरातली घोडी दिसते ती बहुधा वरातीत. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते, पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि जनावराच्या पाठीवर जरीचा जड साज तासन्‌तास चढवलेला असतो. घाम, धूळ आणि घट्ट तंग (खोगीर आवळण्याचा पोटाखालचा पट्टा) यांनी कातडी सोलवटते. बरी झाल्यावर त्या जागी अनेकदा पांढरे केस उगवतात. घोडी विकत घेताना पाठीवर असे ठिपके दिसले, तर खोगीर पूर्वी नीट बसत नव्हते असे समजावे. यावर खरा उपाय विश्रांती आणि साज बदलणे हाच. जखमेवर हळद लावून पुन्हा तेच खोगीर चढवणे म्हणजे जनावराचा छळ आहे.

पावसाळ्यात भिजत्या घोड्यांच्या पाठीवर व पुठ्ठ्यांवर ‘डर्मॅटोफिलस’ या जिवाणूचा संसर्ग होतो. हाताला आधी बारीक खडे लागतात. खपली उचलली की केसांचा झुबका रंगाच्या ब्रशासारखा तिच्यासकट निघतो आणि खाली ओलसर गुलाबी कातडी दिसते. घोडा कोरड्या जागी बांधावा, खपल्या भिजवून हलकेच काढाव्यात, क्लोरहेक्सिडिन किंवा पोव्हिडोन आयोडिनने धुऊन अंग पूर्ण वाळवावे. विकार पसरला असल्यास पशुवैद्यक पेनिसिलिन देतात.

नायटा बुरशीमुळे होतो. तंगाच्या जागी, तोंडावर, मानेवर गोल चट्टे पडतात, खाज मात्र फारशी नसते. तो सहसा एक ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो, पण तोवर खरारा (अंग घासायचा ब्रश), झूल आणि खोगीर यांच्यामार्फत सगळा तबेला गाठतो. मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याच्या, हातावरही उमटतो. प्रत्येक घोड्याचा खरारा वेगळा ठेवावा.

आयाळ आणि शेपटीचा बुंधा घासून घासून उघडा पडला असेल, तर बहुधा चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी असते. ही चिलटे पहाटे व संध्याकाळी जास्त चावतात आणि वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही. त्यामुळे त्या वेळी तबेल्यात पंखा लावणे हा साधा उपाय चांगला उपयोगी पडतो. खाजेसाठी स्टेरॉइड दिले जाते, पण त्याने खुरांचा दाह होण्याचा धोका असल्याने ते स्वतःच्या मनाने देऊ नये.

‘बरसाती’ व्रण चिवट असतात. माश्या हॅब्रोनेमा कृमीच्या अळ्या जखमेवर, डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा पायाच्या खालच्या भागावर सोडतात. तिथे लालसर मांस वाढते आणि त्यात तांदळाच्या कण्यांएवढे पिवळट दाणे सापडतात. हिवाळ्यात व्रण मिटतो आणि पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा उघडतो. तोंडावाटे आयव्हरमेक्टिन, जखमेची मलमपट्टी आणि लीद रोज हलवणे हे उपचार. साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या घोड्यांना होणारा पिथिओसिस हा बुरशीसदृश जंतूचा विकार असाच दिसतो, मात्र त्याला लवकर शस्त्रक्रिया लागते.

खरूज आणि उवांवर गायी-म्हशींच्या गोचिडांचे औषध फासण्याची सवय धोक्याची आहे. त्यातले अमिट्राझ घोड्याला चालत नाही. आतड्यांची हालचाल मंदावून जीवघेणी पोटदुखी होऊ शकते.

सर्वांत गंभीर म्हणजे ग्लँडर्स हा जिवाणूंमुळे होणारा संसर्गजन्य रोग. पायाच्या आतल्या बाजूने ओळीने गाठी येतात, त्या फुटून मधासारखा चिकट पू वाहतो. हा रोग माणसालाही होतो. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक असून रक्ताचे नमुने हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. बाधित जनावरावर उपचार करत नाहीत, त्याला दयामरण देतात आणि मालकाला नुकसानभरपाईची तरतूद आहे. भरपाईच्या भरवशावर तरी मालकाने रोग लपवू नये, कारण तबेल्यात झोपणाऱ्या मोतद्दाराचा जीव त्यात गुंतलेला असतो.

वयाबरोबर पांढऱ्या झालेल्या घोड्यांत शेपटीखाली काळ्या गाठी येतात. पंधरा वर्षांपुढील अशा बहुतेक घोड्यांत त्या आढळतात. जन्मतः पांढऱ्या, गुलाबी कातडीच्या नुकऱ्या घोड्यांचे नाक उन्हाने भाजते, त्यांना सावली हवी.

नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून चालू असून २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ते घटक आहे. तपासणीसाठी पशुवैद्यक चट्ट्याच्या कडेचे केस उपटून घेतात, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. घोडा दाखवायला नेण्यापूर्वी चट्ट्यावर तेल, डांबर किंवा मलम लावू नये. त्याने नमुना बिघडतो.