डिंभ्याच्या पाण्याखाली कोणाची खाचरं गेली

पुण्याहून भीमाशंकरला निघालं की घोडेगावच्या पुढे डिंभे धरणाचं बॅकवॉटर लागतं, पावसाळ्यात सगळे तिथे गाड्या थांबवून रील काढतात, मीपण काढलंय, खोटं कशाला बोलू. पण ज्या आंबेगाववरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव त्याच पाण्याखाली आहे, आणि आसपासच्या महादेव कोळी आदिवासींची भातखाचरंसुद्धा.

आता जमिनी जायला धरणापासूनच सुरुवात झाली असं नाही हां. इंग्रजांना शेतसारा रोख हवा, रोख पैसा सावकाराकडे, मग जमीन गहाण, आणि वहीत काय लिहिलंय ते वाचता येणार फक्त सावकारालाच. महादेव कोळ्यांचा बंडखोर राघोजी भांगरे याच डोंगरपट्ट्यात सावकारांवर तुटून पडला, १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फासावर दिलं. मग १८७८ चा जंगल कायदा. डोंगरउतारावर नाचणी-वरई घ्यायची, दोन-चार वर्षांनी जागा पडीक सोडून दुसरीकडे सरकायचं, याचा कागद कोण करून ठेवणार? सरकारने नकाशावर रेघ मारली आणि आतलं सगळं राखीव जंगल.

१९७४ मध्ये राज्याने आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जाऊ नये अशी सोय केली, गेलेली परत मिळावी म्हणून वेगळा कायदाही केला. कायदे चांगलेच, पण ते घेणाऱ्या माणसाला अडवतात, घेणारं सरकारच असलं तर त्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा होताच. डिंभे हे कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक, कालव्याचं पाणी खाली शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे. मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. नाव आजोबाचं, वारसनोंद झालेली नाही, किंवा कसत होता ती जागा फॉरेस्टची, मग बस हेलपाटे मारत.

बरीच कुटुंबं पाणी चढलं तशी डोंगरावर वर सरकली. तिकडे १९८५ पासून शेकरूसाठी भीमाशंकर अभयारण्य! म्हणजे खाली पाणी आणि वर वनखातं. शेकरू वाचायलाच पाहिजे, वाद त्याचा नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करणारा माणूस एकदम घुसखोर कसा झाला हे कुणीतरी सांगा.

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा जरा दार उघडलं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर दावा टाका, आणि पुराव्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाबही चालतो. कागद नसलेल्यांसाठी ही फार मोठी गोष्ट.

लोक तोपर्यंत हातावर हात ठेवून नव्हते बसले. एकमेकांच्या अंगमेहनतीवर उतारावर बांध घालून खाचरं पाडायची, त्याला इकडे पडकई म्हणतात, ती चालूच राहिली. आणि उन्हाळ्यात धरण उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरायचं, ती गाळपेर. बऱ्याच जणांची ती मूळची स्वतःचीच जमीन, फक्त आता ती पाटबंधारे खात्याकडे मागून कसायची, आणि पाणी परत चढायच्या आत पीक काढून घ्यायचं.