‘टक्के कमी करून द्या’ म्हणण्याआधी
(प्रबंधाचं टायपिंग, मुद्रितशोधन आणि बाइंडिंग यांसाठी येणाऱ्या संशोधकांसाठी)

“दादा, सत्तावीस टक्के आलंय, दहाच्या आत आणून द्या.” बाइंडिंग काळं हवं की मरून, यापेक्षा हल्ली हेच जास्त ऐकू येतं. टक्के म्हणजे प्रबंधातला किती मजकूर आधीच्या लेखनाशी जुळतो, याचा तपासणीच्या सॉफ्टवेअरने रिपोर्टमध्ये दिलेला आकडा. तो कमी करून देण्याचं काम आम्ही घेत नाही. का, ते सांगतो.

दहाचा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतला. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. ४० पर्यंत गेलात तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यायचा, ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रतच देता येत नाही, त्यापुढे नोंदणी रद्द. मात्र संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्याची कलमं आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीत धरायची नसतात. तेव्हा रिपोर्ट हातात आला की आधी ग्रंथालयात विचारा, हे सगळं वगळलंय का? पुष्कळांची झोप फक्त संदर्भसूचीने उडवलेली असते.

वगळूनही साम्य उरलं, तर रिपोर्टमध्ये नेमकी कोणती वाक्यं जुळणारी म्हणून रंगली आहेत ते बघा. ‘सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली’ हे वाक्य रंगलं तर घाबरू नका, ही सर्वांना ठाऊक असलेली माहिती. पण समाजाचं काम पुढे का मंदावलं याची एखाद्या अभ्यासकाने केलेली मांडणी तुम्ही घेतलीत, ‘मंदावलं’चं ‘थंडावलं’ केलंत आणि तळटीप गाळलीत, तर रिपोर्ट शून्य दाखवो, ती चोरीच. शब्द बदलून देणारी सॉफ्टवेअरं हेच करतात. इंग्रजी शोधनिबंधांत त्यांनी ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’ (शब्दशः ‘छातीचं संकट’) केलं, आणि अशाच विचित्र शब्दांवरून २०२१ मध्ये संशोधकांनी असे निबंध हुडकून काढले.

मराठी प्रबंधांची गंमत वेगळीच. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली फाइल तपासायला गेली की यंत्राला मराठी दिसतच नाही, दिसतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. साम्य शून्य! पेढे वाटू नका, वाचलंच नाही तर सापडणार काय? आम्ही फाइल आधी युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरं तपासतो, मगच देतो. हिंदी किंवा इंग्रजी पुस्तकातून भाषांतर करून घेतलेला उताराही यंत्राच्या नजरेतून निसटतो, परीक्षकांच्या निसटेलच असं नाही. प्रबंध पुढे ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढतो आणि मूळ लेखकही तो उघडू शकतो.

तक्रार आलीच, तर विभागाची समिती ४५ दिवसांत अहवाल देते, मग तो संस्थेच्या समितीकडे जातो. त्या वेळी उपयोगी पडतात ते जुने खर्डे, टिपणवह्या आणि गाइडशी झालेले ईमेल. फाइलवर फाइल सेव्ह करू नका, प्रत्येक खर्ड्याला तारीख घाला. लेख छापून आला असेल आणि चूक तुम्हालाच दिसली, तर संपादकांना स्वतःहून कळवा. राहून गेलेला संदर्भ अनेकदा शुद्धिपत्राने भागतो. दुसऱ्याने शोधून काढल्यावर तेच पत्र लिहिणं फार अवघड जातं.

अवतरणं मुळाबरहुकूम ताडून हवी असतील तर पुस्तक किंवा त्या पानांची झेरॉक्स सोबत आणा. पृष्ठ क्रमांक आम्ही अंदाजाने घालत नाही.