एस्पान्योला बेटावरचा एक दिवस (गालापागोस क्रूझ)

इक्वेडोरच्या गालापागोस बेटांत छोट्या जहाजाने फिरताना सकाळी बीच आणि दुपारी प्राणी-पक्षी असा दिवस असतो, आणि त्यासाठी दक्षिणेकडच्या एस्पान्योलाइतकं भारी बेट दुसरं नाही. जहाजं छोटीच असतात कारण 100 पेक्षा जास्त प्रवाशांच्या क्रूझला इथे परवानगीच नाही, बऱ्याच बोटी तर फक्त 16 जणांच्या. शिवाय त्याच जागी तीच बोट 14 दिवसांत परत येऊ शकत नाही, म्हणून किनाऱ्यावर कधी जत्रा भरत नाही.

सकाळी लाईफ जॅकेट घालून पांगा म्हणजे छोट्या मोटरबोटीत बसायचं आणि गार्डनर बेच्या पांढऱ्या वाळूवर जायचं. इथे धक्का नाही, वेट लँडिंग, म्हणजे चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उडी. वाळूत सी लायन (सीलसारखे समुद्री प्राणी) ओळीने पसरलेले असतात, माणूस आला तरी डोळासुद्धा उघडत नाहीत, पिल्लं मात्र स्वतःहून पायापाशी येऊन हुंगतात, अशा वेळी आपणच मागे सरकायचं. 2 मीटर अंतर ठेवायचा नियम आहे आणि पिल्लाला हात तर अजिबात लावायचा नाही, आई त्याला वासावरून ओळखते. मग स्नॉर्केलिंग, तिथे पण तीच पिल्लं आपल्याभोवती गिरक्या घेतात.

जेवण बोटीवर, आणि दुपारी याच बेटावरचं पुंता सुआरेझ. इथे चपला नाही, चांगले बूट पाहिजेत, दगड फार. उतरल्या उतरल्या समुद्री इग्वानांचे ढीग दिसतात, समुद्रात पोहून शेवाळ खाणारी ही जगातली एकमेव पाल, पोटात गेलेलं मीठ नाकातून फुर्र करून उडवते त्यामुळे डोकं पांढरं झालेलं असतं. वाटेतच निळ्या पायांचे बूबी पक्षी अंडी घालून बसतात, वाट सोडायची नाही. एप्रिल ते डिसेंबरमध्ये गेलं तर वेव्ह्ड अल्बाट्रॉस हा मोठा समुद्री पक्षी दिसतो, जगातले जवळजवळ सगळे याच बेटावर घरटी करतात. सव्वादोन मीटरच्या आसपास पंख, पण जमिनीवर एकदम बदकासारखा डुलत चालतो, आणि कड्याच्या टोकाला आला की सरळ खाली झोकून देतो आणि लगेच वाऱ्यावर तरंगतो!

या बेटाची राक्षसी कासवं मात्र या वाटांवर सहसा दिसत नाहीत. 1960 च्या दशकात फक्त 14 उरली होती, 12 माद्या आणि 2 नर, ती गालापागोसमधल्याच सांताक्रूझ बेटावर नेली, अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातला दिएगो नावाचा नर जोडीला आणला, पिल्लं वाढवून बेटावर सोडत गेले आणि जून 2020 मध्ये दिएगोसकट म्हातारी कासवं पण घरी परत सोडली.

संध्याकाळी 6 वाजेपर्यंत किनारा सोडावाच लागतो. बोटीवर चढताना पाय आणि बूट धुवून घेतात, एका बेटाची वाळू नि बिया दुसऱ्या बेटावर जाऊ नयेत म्हणून.